ओव्हनचं दार अडकलं: २१ हजारांची दुरुस्ती की ६० हजारांचा नवा?

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातून एका ताईंनी विचारलं आहे. त्या घरून केक-कुकीजच्या ऑर्डरी घेतात. खर्च वजा जाता महिन्याला साधारण ९,००० रुपये सुटतात. पाच वर्षांच्या बिल्ट-इन ओव्हनवर सेल्फ-क्लीन (खूप तापून आतली घाण जाळून टाकायची सोय) लावलं असताना वीज गेली. तेव्हापासून दार बंद आहे आणि डिस्प्लेवर लॉकचा एरर कोड येतो. सर्व्हिसवाल्याने कोड पाहून लॉक असेंब्ली (५,२०० रुपये) आणि कंट्रोल बोर्ड (ओव्हन चालवणारं सर्किट, ११,८००) दोन्ही बदलायला सांगितलं. मजुरी १,२०० आणि जीएसटी धरून २१,४७६ रुपये. सीताबर्डीतलं दुकान जुना ओव्हन ४,००० ला घेऊन नवा ६४,००० चा द्यायला तयार आहे, उरलेल्या रकमेचे ५,००० चे बारा ‘नो-कॉस्ट’ हप्ते; रोखीने दिले तर ५६,०००. हाताशी १ लाखाची एफडी आहे, तिला आठ महिने झालेत. नाताळच्या ऑर्डरी तोंडावर आहेत.

ताई, आज दोन्हीपैकी कशालाही हो म्हणू नका. तुमच्या पत्रात सर्व्हिसवाल्याबद्दल एक ओळ आहे, ‘त्यांनी ओव्हन उघडून पाहिला नाही.’ सगळा हिशेब तिथेच अडला आहे. लॉकचा कोड एवढंच सांगतो की दाराचा खटका ठरलेल्या जागी पोहोचला नाही. दोष मोटारीचा, मायक्रोस्विचचा, वायरचा की बोर्डाचा, हे तो सांगत नाही. न उघडता बोर्ड बदला म्हणणं म्हणजे ११,८०० रुपयांचा अंदाज, आणि तो तुमच्या पैशाने.

आतली रचना साधी आहे. सेल्फ-क्लीनमध्ये ओव्हन जवळपास ५०० अंशांपर्यंत तापतो, म्हणून एक छोटी मोटार कॅम (उंचवटा असलेली चकती) फिरवून खटका अडकवते. कॅम मायक्रोस्विच दाबतो, त्यावरून बोर्डाला दार बंद की उघडं ते कळतं. तापमान साधारण ३०० अंशांच्या खाली आल्याशिवाय बोर्ड खटका सोडत नाही. मध्येच वीज गेली की कॅम अर्ध्यावर राहतो आणि बोर्डाचा हिशेब चुकतो. तुमच्याकडे हेच झालं असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते, आणि तसं असेल तर काही बदलावंच लागणार नाही.

म्हणून आधी फुकटचे उपाय. ओव्हन पूर्ण थंड असताना त्याचा एमसीबी (वीज-बोर्डातला त्याच्या लाइनचा स्विच) दहा मिनिटं बंद ठेवा. चालू केल्यावर दार तळहाताने आत दाबून धरा आणि कान द्या. मोटारीची घरघर ऐकू आली तर ती जिवंत आहे. घड्याळ लावून सेल्फ-क्लीन सुरू करा आणि मिनिटभरात रद्द करा. यात मोटार पूर्ण फेरी मारते आणि अनेकदा खटका सुटतो. स्क्रू-ड्रायव्हरने दार उचकू नका. काच तडकली तर दुरुस्तीचं गणितच बदलेल.

एवढ्याने सुटलं नाही तर व्हिजिट चार्ज देऊन तंत्रज्ञ बोलवा, पण मल्टिमीटर लावूनच तपासायचं, हे फोनवरच ठरवून घ्या. एमसीबी बंद करून त्याने तीन गोष्टी मोजायच्या. मायक्रोस्विच दाबल्यावर आणि सोडल्यावर कंटिन्युइटी (आतला वीजमार्ग जुळणं-तुटणं) बदलते का? मोटारीचं वाइंडिंग (आतल्या तारेचं वेटोळं) तुटलंय का? आणि तापमानाचा सेन्सर. पीटी-१००० जातीचा असेल तर खोलीच्या तापमानाला सुमारे १,१०० ओहम दाखवायला हवा. सेन्सर तुटला असेल तर बोर्डाला ओव्हन तापलेलाच वाटतो आणि तो दार सोडत नाही. थर्मल कट-आउटही (जास्त तापलं की वीज तोडणारा स्विच) पाहायला सांगा. कॅबिनेटला मागून हवा नसेल तर सेल्फ-क्लीनच्या उष्णतेने तो उडतो.

शेवटची तपासणी वीज चालू ठेवून होते, ती तंत्रज्ञानेच करायची: खटका सोडायच्या वेळी बोर्डाकडून मोटारीला व्होल्टेज येतं का? येत असून मोटार हलत नसेल तर दोष लॉकचा. कट-आउट आणि वायरिंग ठीक असूनही येत नसेल, तरच बोर्डाकडे वळा. तुमचे ११,८०० या एका रीडिंगवर अवलंबून आहेत.

फक्त लॉक बदलला तर ६,४०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,५५२ रुपये. हा खर्च तुमची महिन्याभराची मिळकत भरून काढते. बिनधास्त करा, एफडीला हात लावू नका. लॉकबरोबर बोर्डही गेला असेल तर मी २१,४७६ घालणार नाही. नव्याच्या रोख किमतीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त रक्कम पाच वर्षांच्या यंत्रात जाते, आणि हीटर, पंखा, रबर गॅस्केट जुनेच राहतात. अपवाद एकच: बोर्ड दुरुस्त करणारा कारागीर रिले (बोर्डावरचे वीज चालू-बंद करणारे स्विच) बदलून लेखी वॉरंटी देत असेल तर. मायक्रोस्विच ‘डायरेक्ट’ करून देतो, असं कुणी म्हणालं तर साफ नाही म्हणा. मग ५०० अंशांनाही दार उघडू शकतं.

नवा घ्यायची वेळ आलीच तर हप्ते नकोत. तेच दुकान रोखीने, जुना देऊन, ५६,००० म्हणतंय. हप्त्यांत ६०,००० जातात, म्हणजे व्याज वर्षाला सुमारे १३ टक्के पडतं. वर प्रोसेसिंग फी, आणि कार्डावर घेतलं तर व्याजाच्या भागावर जीएसटी. एफडी मोडली तर आठ महिन्यांच्या मुदतीचा दर मिळेल आणि त्यातून बँका बहुधा अर्धा ते एक टक्का कापतात. एक टक्का धरला तरी १ लाखावर सुमारे ६७० रुपये. एफडीवर कर्ज हा आणखी बरा मार्ग, कारण दर एफडीपेक्षा साधारण एक-दोन टक्केच जास्त असतो आणि ऑर्डरींच्या पैशातून हवं तेव्हा फेडता येतं.

आणि नव्यात सेल्फ-क्लीन मागू नका. केक-कुकीजचं तूप भिंतींवर उडत नाही; मांस भाजणाऱ्यांना ती सोय लागते. साधा कन्व्हेक्शन ओव्हन स्वस्त पडतो आणि त्यात हे लॉकच नसतं. दुकानात जाण्याआधी कप्प्याची रुंदी, उंची, खोली मोजून न्या, नाहीतर सुताराचा खर्च वेगळा लागेल.