घरातले स्मार्ट बल्ब आणि प्लग सारखे ऑफलाइन जातात, मोबाईलवर मात्र वायफाय मस्त चालतं. राऊटर बदलू का?

नका बदलू. मोबाईलवर व्हिडिओ न अडखळता चालतोय ना? मग नेटला काही झालेलं नाही. वायफायचे दोन पट्टे असतात, ५ आणि २.४ गीगाहर्ट्झचे. मोबाईल सहसा ५ वर असतो, तुमचे बल्ब-प्लग बहुधा फक्त २.४ वर. दुखणं तिथे आहे.

ठासून सांगतेय, कारण याच विषयावर भाऊजींची आणि माझी कायम जुंपलेली असते. सासूबाईंच्या खोलीतला दिवा लागला नाही की त्यांचं ठरलेलं वाक्य, "वहिनी, प्लॅन वाढवा. एवढ्या स्पीडवर स्मार्ट होम चालत नसतं." अहो, दिव्याला स्पीड कशाला लागतो? चालू हो, बंद हो, एवढाच तर निरोप! पण घरात माझं कोण ऐकतंय, प्लॅन वाढला. दिवा वाढीव प्लॅनवरही ऑफलाइनच. मग भाऊजींनी रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे पाठवणारी डबी, आणला आणि लावला कुठे, तर त्याच खोलीत, जिथे मुळात सिग्नल पोचत नव्हता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

शेवटी मी फोन २.४ वर टाकला, सिग्नल मोजणारं वायफाय अॅनालायझर अॅप उघडलं आणि फोन दिव्याला टेकवून आकडा पाहिला. उणे ८४ डीबीएम. (हे सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं बरं.) उणे ६७ च्या आसपास असेल तर निर्धास्त राहावं, उणे ८० च्या पलीकडे सगळं रामभरोसे. दिव्याचं कोडं सुटलं. पण हॉलमधला प्लगही मधूनच गळायचा, आणि तिथे तर आकडा झकास! म्हणजे सिग्नल कमी नव्हता, गोंगाट जास्त होता. टीव्हीच्या मागे हात घालून राऊटर बाहेर ओढला, तर त्याच्या पाठीला भाऊजींची सिनेमांची हार्ड डिस्क लटकलेली. यूएसबी ३.० ची. या डिस्क आणि त्यांच्या केबली नेमक्या २.४ च्या पट्ट्यात खरखर करतात. इंटेलने २०१२ मध्येच त्यावर पेपर काढलाय. तो भाऊजींना पाठवला. निळी टिक आली, उत्तर नाही.

डिस्क काढली, राऊटर टीव्हीमागून उचलून उंच फळीवर मोकळा ठेवला. प्लग गळायचा थांबला, दिव्यापाशी आकडा उणे ७० वर आला. भाऊजींच्या मते हा रिपीटरचा गुण. रिपीटर तेव्हा ड्रॉवरमध्ये होता.

तुमच्याकडे डिस्क नसेलही. मग राऊटरच्या सेटिंगमध्ये जा. २.४ ला वेगळं नाव द्या, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ करा, चॅनेल, म्हणजे पट्ट्यातली लेन, ऑटोवर न सोडता १, ६ किंवा ११ पैकी शेजाऱ्यांची गर्दी कमी असेल तो धरा. सिक्युरिटी, म्हणजे वायफायच्या कुलपाचा प्रकार, डब्ल्यूपीए२ ठेवा, नवं डब्ल्यूपीए३ पाहून जुने बल्ब बिथरतात. डिस्क हवीच असेल तर काही राऊटरमध्ये तो पोर्ट यूएसबी २.० वर उतरवता येतो, तेही बघा.

आता, घर मोठं असेल, भिंती जाड असतील तर फळीवर ठेवूनही भागणार नाही. दुसरा अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारी आणखी एक डबी, लागेल, आणि ती राऊटरपासून वायर ओढूनच लावा. कनेक्शनसोबत फुकट मिळालेले काही राऊटर पंचवीस-तीस उपकरणं जोडली की धापा टाकतात, तसला असेल तर बदला बापडे. पण पैसे घालण्याआधी एक बघा. बल्ब ऑफलाइन दिसेल त्या क्षणी राऊटरमधली जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा. बल्ब यादीत असेल तर घरातलं वायफाय ठीक आहे, बहुतेक कंपनीचा सर्व्हर झोपलाय, गप्प वाट बघा. यादीत नसेल तर दुखणं वायफायचंच, आणि त्याला प्लॅन वाढवणं हा उतारा नाही, हे भाऊजी सोडून आमच्याकडे आता सगळ्यांना पटलंय.