असेप्टिक मेनिंजायटिस असेल, तर सुरुवातीला प्रतिजैविके का दिली?

आपण विचारले आहे की, ताप, तीव्र डोकेदुखी आणि मान आखडल्यामुळे आपल्या भावाला दाखल केल्यावर डॉक्टरांनी लगेच प्रतिजैविकांची इंजेक्शने सुरू केली आणि तिसऱ्या दिवशी ‘हा असेप्टिक मेनिंजायटिस आहे’ असे सांगून ती बंद केली; मग पहिले निदान चुकले होते का, आणि हा आजार नेमका कशामुळे होतो? मी फिजिशियन आहे आणि असे रुग्ण पाहतो. भावाचे रिपोर्ट मी पाहिलेले नसल्यामुळे त्यांच्याविषयी निष्कर्ष काढणार नाही. परंतु आपण सांगितलेला घटनाक्रम मला चुकीचा वाटत नाही.

गोंधळाचे मूळ ‘असेप्टिक’ या शब्दात आहे. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या आवरणांना दाह झाला आहे, पण त्यांच्याभोवतीच्या द्रवात नेहमीच्या तपासण्यांनी जिवाणू सापडले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ आहे. स्वीडिश बालरोगतज्ज्ञ वॉलग्रेन यांनी 1925 मध्ये हे वर्णन केले, तेव्हा विषाणू ओळखण्याची साधने जवळजवळ नव्हतीच. म्हणजे काय सापडले नाही, हे सांगणारे हे नाव आहे. कारण सांगणारे नव्हे. (‘मेंदूज्वर’ हा शब्दही आणखी घोटाळा करतो, कारण आवरणांच्या दाहाला आणि प्रत्यक्ष मेंदूच्या दाहाला, म्हणजे एन्सेफलायटिसला, लोक तो सरसकट वापरतात.)

सर्वाधिक वेळा कारण विषाणूंचे असते आणि त्यांत एंटेरोव्हायरस (आतड्यांत वाढणाऱ्या विषाणूंचा गट) आघाडीवर आहेत. ते मुख्यतः विष्ठेने दूषित हात व वस्तूंमार्फत, तसेच श्वसनमार्गातील स्रावांतून पसरतात. मात्र संसर्ग झालेल्या बहुतेकांना साधा ताप येतो किंवा काहीच होत नाही. जननेंद्रियांच्या नागिणीशी संबंधित हर्पिस सिम्प्लेक्स प्रकार 2, कांजिण्यांचा विषाणू, गालगुंड आणि नुकताच झालेला एचआयव्ही संसर्ग हीही कारणे आहेत. काही वेळा कारण औषध असते: आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके, ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथोक्झाझोल हे प्रतिजैविक, शिरेतून दिलेले इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडांचे औषध) किंवा लॅमोट्रिजिन हे अपस्मारावरील औषध. ल्यूपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार) असलेल्यांमध्ये आयब्युप्रोफेनमुळे असे झाल्याची उदाहरणे विशेष आढळतात. ल्यूपस, सारकॉइडोसिस (अवयवांत दाहाच्या गाठी होण्याचा आजार) किंवा आवरणांपर्यंत पसरलेला कर्करोग यांमुळेही असेच चित्र दिसू शकते.

निदानाचा कणा म्हणजे पाठीतून पाणी, म्हणजे वर सांगितलेला द्रव, काढण्याची तपासणी. मेंदूतील दाब धोकादायकरीत्या वाढल्याची शंका असेल, उदाहरणार्थ शुद्ध हरपत असेल, नव्याने झटके आले असतील किंवा एका बाजूची शक्ती गेली असेल, तर आधी सीटी स्कॅन करतात. विषाणूजन्य आजारात त्या द्रवात लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी वाढतात, प्रथिने थोडी वाढतात आणि साखर बहुधा सामान्य राहते. जिवाणूजन्य आजारात न्यूट्रोफिल (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या) पेशी व प्रथिने खूप वाढतात आणि साखर घटते. पण पुस्तकातला हा नमुना रुग्ण नेहमी पाळत नाही. विषाणूजन्य आजाराच्या पहिल्या दिवशी-दोन दिवशी न्यूट्रोफिल जास्त असू शकतात, आणि दाखल होण्यापूर्वी घेतलेल्या प्रतिजैविकांमुळे जिवाणू असूनही कल्चर (द्रवातून जिवाणू वाढवून पाहण्याची तपासणी) निगेटिव्ह येऊ शकते. मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती क्षयरोगाची. त्यातही लिम्फोसाइट वाढतात आणि नेहमीच्या कल्चरमध्ये काही उगवत नाही. म्हणून लक्षणे आठवड्याहून अधिक काळ वाढत गेली असतील, साखर कमी आणि प्रथिने जास्त असतील, तर ‘विषाणू असेल’ म्हणून थांबणे घातक ठरते. क्रिप्टोकॉकस ही बुरशी आणि सिफिलिस यांचाही त्या वेळी विचार करावा लागतो.

आता प्रतिजैविकांविषयी. जिवाणूजन्य मेनिंजायटिस काही तासांत जीव घेऊ शकतो, तर कल्चरचा अहवाल यायला साधारण 48 ते 72 तास लागतात. तोवर वाट पाहणे परवडणारे नसते, म्हणून सेफ्ट्रियाक्सोन आणि बऱ्याचदा त्यासोबत व्हॅन्कोमायसिन लगेच सुरू करतात, आणि कल्चर निगेटिव्ह व पीसीआरमध्ये (विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीत) विषाणू असे दिसल्यावर, रुग्ण सुधारत असेल तर, ती थांबवतात. तिसऱ्या दिवशी औषध बंद होणे हे त्यामुळे चूक सुधारणे नसून आधीच ठरलेला टप्पा असतो.

एंटेरोव्हायरसवर सिद्ध झालेले खास औषध उपलब्ध नाही. विश्रांती, द्रवपदार्थ, पॅरासिटामॉल आणि उलटीवरील औषध एवढ्यावर बहुतेक जण सात ते दहा दिवसांत बरे होतात. थकवा व डोकेदुखी मात्र काही आठवडे रेंगाळू शकते. लहान मुलांना तापासाठी ॲस्पिरिन देऊ नये. वागणे बदलले, बोलण्यात गोंधळ झाला किंवा झटके आले, तर हर्पिस एन्सेफलायटिसची शक्यता धरून, अहवालाची वाट न पाहता, शिरेतून ॲसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू करावे लागते. कारण औषध असेल, तर ते थांबवल्यावर बहुधा काही दिवसांतच आराम पडतो. तेच औषध पुन्हा घेतल्यास मात्र आजार उलटू शकतो आणि दुसऱ्या वेळी तो अधिक लवकर सुरू होतो.

म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: पीसीआरमध्ये कोणता विषाणू सापडला का, आणि भावाने दाखल होण्यापूर्वी घेतलेल्या गोळ्यांची त्यांनी नोंद केली आहे का. घरी असताना ताप परतला, गुंगी वाढली, झटका आला किंवा अंगावर दाबूनही न मिटणारे लालसर-जांभळे ठिपके उठले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्यांना त्याच क्षणी रुग्णालयात न्या.