दुसऱ्याने पाहिलेला समुद्र

प्रिय,

अनेक आशीर्वाद. हिमनदीवरच्या मोहिमेचं पुस्तक करायचं ठरवलंस, छान. प्रकाशक घाई करतोय म्हणतेस, म्हणून आधी एलिशा केंट केनबद्दल लिहितो.

केन अमेरिकी नौदलातला डॉक्टर. (विशीत बोटीवरून मुंबईलाही येऊन गेलेला.) आर्क्टिकमध्ये बेपत्ता झालेला ब्रिटिश दर्यावर्दी जॉन फ्रँकलिन याच्या शोधात १८५३ मध्ये ‘ॲडव्हान्स’ जहाज घेऊन ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्याला गेला आणि दोन हिवाळे बर्फात अडकला. शेवटी जहाज सोडून माणसं स्लेज (बर्फावरच्या घसरगाड्या) आणि होड्यांनी ग्रीनलंडमधल्याच उपरनाविक या वस्तीला पोचली. १८५५ मध्ये परतला आणि १८५६ मध्ये फिलाडेल्फियाच्या चाइल्ड्स अँड पीटरसन या प्रकाशकांनी त्याच्या पुस्तकाचे दोन खंड काढलेसुद्धा! हा शास्त्रीय अहवाल नाही, रोजनिशीतले उतारे जोडून सामान्य वाचकासाठी केलेली हकिगत आहे, असं त्याने प्रस्तावनेतच सांगितलं होतं. पुस्तक तुफान खपलं. पण तब्येत आधीच खालावलेली. फेब्रुवारी १८५७ मध्ये हवानात तो वारला, अवघ्या ३७ व्या वर्षी.

आता तुझ्या कामाचं. त्या पुस्तकातला सगळ्यात गाजलेला शोध म्हणजे उत्तरेचा खुला, बर्फ नसलेला समुद्र. तो केनने स्वतः पाहिलाच नव्हता. जून १८५४ मध्ये तिथवर गेले विल्यम मॉर्टन आणि ग्रीनलंडचा तरुण शिकारी हान्स हेन्ड्रिक. त्यांना दिसलेलं पाणी खरंच होतं. ते थेट ध्रुवाकडे पसरलंय, हा मात्र अंदाज, आणि तो साफ चुकला. केनने मॉर्टनचं श्रेय लपवलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. तरी लोकांच्या डोक्यात अंदाजच शोध म्हणून बसला.

तुझ्या कच्च्या मसुद्यात वरच्या छावणीचं वर्णन फार सुरेख आहे. पण त्या दिवशी तू खालीच होतीस ना? मग कोणी पाहिलं, तुला कधी सांगितलं, ते तिथेच येऊ दे.

आणि भांडणं. ऑगस्ट १८५४ मध्ये केनची काही माणसं जहाज सोडून गेली, हिवाळ्यात हाल होऊन परतली. खाजगी रोजनिशीत केन त्यांच्यावर जितका उखडला, तितका छापील पुस्तकात दिसत नाही. त्यांच्यातल्या डॉक्टर हेजने १८६० मध्ये आपली बाजू स्वतःच छापली. हान्सनेही पुढे आपल्या ग्रीनलंडी भाषेत आठवणी लिहिल्या. १८७८ मध्ये त्या इंग्रजीत आल्या. मला विचारशील तर या सगळ्यांत हान्सच्या आठवणी आधी वाच.

छपाईआधी वरच्या छावणीची आणि भांडणांची प्रकरणं तुझ्या शेर्पा सोबत्यांना वाचून दाखव. हरकती आल्या तर मला कळव, प्रकाशकाशी मी बोलतो.

तुझा,
काका