उन्हात तापलेल्या पॉलिमर क्लेचा भुगा: आधी तेलाची बाटली बाजूला ठेवा

ताई, मे महिन्यात जालन्याला पार्सल आलं, पाकीट फोडलं तर पॉलिमर क्ले (दागिने करायची, ओव्हनमध्ये भाजायची प्लास्टिकची माती) भुरभुरीत, मग करडईचं तेल घालून मळलं तर रवाळ आणि चिकट गोळा झाला, असं तुम्ही लिहिलंय. या त्रासातून मीही गेलेय, म्हणून जरा लांबलचक लिहिते. मळायचं कसं, क्ले लाटायचं पास्ता मशीन कसं वापरायचं ते तुम्हाला येतंच, ते सोडते. आणि हे फक्त ओव्हनमध्ये भाजायच्या क्लेबद्दल आहे. हवेवर वाळणाऱ्या क्लेला यातलं काहीही लावू नका.

पहिली गोष्ट म्हणजे क्ले जुना होऊन कडक झालाय की उन्हाने अर्धवट भाजला गेलाय, ते ओळखा. या क्लेमध्ये पीव्हीसी या प्लास्टिकचे बारीक कण आणि त्यांना मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर असतं. उष्णता लागली की कण ते प्लास्टिसायझर पिऊन फुगतात आणि एकमेकांना चिकटतात. ओव्हनमध्ये ११० ते १३० अंशांना हेच अर्ध्या तासात पूर्ण होतं. चाळीसच्या वरच्या उन्हात, बंद गाडीत, ते हळूहळू आणि अर्धवट होतं. एकदा झालं की झालं. भाजलेल्या भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही.

ओळखायचं असं: चिमूटभर भुगा तळहातावर घेऊन दोन-तीन मिनिटं जोर लावून दाबा. एकजीव होऊ लागला तर क्ले नुसता कडक आहे, वाचेल. कण सुटेच राहिले, बोटाखाली रबरी लागले, ब्लेडने कापल्यावर दाणे दिसले, तर तो तापलेला आहे.

नुसता कडक असेल तर ५७ ग्रॅमच्या वडीचे बारीक तुकडे करा, त्यात क्ले सॉफ्टनर किंवा साधं मिनरल ऑइल (बेबी ऑइल चालतं) एक-दोन थेंब टाका आणि झिपच्या पिशवीत रात्रभर ठेवा. मळणं दुसऱ्या दिवशी. बहुतेक जण इथेच घाई करतात: लगेच मऊ झालं नाही म्हणून आणखी थेंब, मग आणखी. सकाळी सगळं तेल आत मुरतं, क्ले लिबलिबीत होतो, आणि भाजल्यावर कानातल्याची कडी लावताना तुकडा पडतो. माझ्या मते सर्वांत चांगला उपाय तेल नाहीच. तीन भाग कडक क्लेला त्याच कंपनीचा एक भाग मऊ, ताजा क्ले मिसळा. रंग हलू नये म्हणून पारदर्शक घ्या. खाण्याचं तेल मात्र कोणतंच नको, करडईचं नाही, शेंगदाण्याचं नाही. ते कणांत नीट मुरत नाही, पृष्ठभाग तेलकट राहतो आणि पुढे खवट वास येतो.

थोडासाच तापला असेल तर लिक्विड क्लेचे (म्हणजे पातळ, ओतता येणाऱ्या पॉलिमर क्लेचे) काही थेंब घालून एक दिवस ठेवून बघा. खात्री देत नाही. पूर्ण तापलेला किसून पारदर्शक क्लेमध्ये घाला, दगडी पोताचे मणी छान होतात.

आता मनातलं. एका कुरिअरच्या ऑफिसात उन्हाळ्यात पार्सल पत्र्याखाली पडून राहतं, वर ‘पत्ता सापडला नाही’ असा शेरा. तक्रार केली की विक्रेत्याला विचारा म्हणतात, विक्रेता कुरिअरकडे बोट दाखवतो, आणि नुकसान आपलं. परभणी-नांदेडकडे पारा ४२-४४ ला जातो हे काय यांना ठाऊक नाही? मी सांगेन, महालक्ष्म्यांच्या दागिन्यांची ऑर्डर असली तरी क्ले फेब्रुवारीतच मागवून ठेवा. आल्याबरोबर पाकीट न फोडता बाहेरून दाबून बघा आणि फोडताना व्हिडिओ काढा.

उलटी तक्रारही येईल: जास्त मळला की इथल्या उन्हात क्ले बोटांना चिकटतो. तेव्हा टाल्कम पावडर मिसळू नका, भाजलेला तुकडा ठिसूळ होतो. क्ले पातळ लाटून दोन कोऱ्या पांढऱ्या कागदांत ठेवा, वर जाड पुस्तक. अर्ध्या तासाने कागदावर तेलाचे डाग दिसतील. तेवढ्यात घट्ट झाला नाही तर कागद बदला. छापील कागद नको, शाई उतरते. फ्रीजमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवला तरी चालतो, पण झिपच्या पिशवीतच, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. दव धरलं की भाजताना पारदर्शक क्लेमध्ये पांढरे बुडबुडे दिसतात. कूलरच्या थेट झोतातही काम नको, त्याच कारणाने.

साठवायला स्टीलचा किंवा काचेचा डबा, नाहीतर तळाला ५ आकडा असलेला प्लास्टिकचा. थर्माकोल किंवा ६ आकड्याचं प्लास्टिक असेल तर क्लेतलं प्लास्टिसायझर त्या डब्याला खातं, डबा चिकट होतो आणि क्लेही वाया जातो.