ही गाठ कुणी शिकवली?

फोंडा,
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

व्हॉट्सॅपवरचा तुझा लांबलचक मेसेज मिळाला. उत्तर कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय, कारण मोबाइलवरची इवलीशी अक्षरं माझ्या बोटांना सापडत नाहीत. उजव्या हाताची मधली दोन बोटं हल्ली धड मिटत नाहीत आणि धड सरळही होत नाहीत. कातळाच्या फटींत चाळीस वर्षं कोंबली, त्याचं हे व्याज. अक्षर लागलं नाही तर आईकडून वाचून घे. भूगोलाच्या तासाला तिने माझा फळा तीन वर्षं वाचलाय, तिला सवय आहे.

तू तीन गोष्टी विचारल्यास: दोर कुठला घ्यावा, बोटांची ताकद कशी वाढवावी आणि सह्याद्रीतला पहिला सुळका कुठला करावा. आणि अगदी शेवटी, जाता जाता टाकावं तसं एक वाक्य टाकलंयस. ज्याच्याबरोबर चार वर्षं चढलीस त्याच्याशी सहा महिने बोलणं बंद आहे, म्हणून नवा जोडीदार शोधतेयस, कोणी ओळखीचं असेल तर सांगा. मला विचारशील तर खरा प्रश्न एवढाच आहे. तरी आधी तिन्हींची उधारी फेडून टाकतो.

दोर नवा घे, डायनॅमिक, म्हणजे ताणला जाणारा घे. म्हापशाचा तुझा तो ओळखीचा वापरलेला दोर अर्ध्या किमतीत देतोय, त्याला हात जोड. दोर किती वेळा झटका खाऊन बसलाय, किती उन्हं खाल्लीत, कुठल्या गॅरेजमध्ये बॅटरीच्या ॲसिडशेजारी पडला होता, हे नुसतं बघून कळत नाही. न वापरलेला दोरसुद्धा दहा वर्षांनी काढून टाका असं बनवणारेच सांगतात. स्वस्त म्हणून कोणी न ताणणारा स्टॅटिक दोर दाखवील. तो रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून खाली उतरायला ठीक. लीड करताना, म्हणजे सगळ्यांच्या पुढे दोर घेऊन चढताना पडलीस तर दोराने ताणून झटका गिळायला हवा, स्टॅटिक दोर तो झटका जसाच्या तसा तुझ्या कण्याला देतो.

बोटांचं म्हणशील, तर घाई नको. स्नायू महिन्या-दोन महिन्यांत तयार होतात, स्नायुबंधांना वर्षं लागतात. दंड फुगले म्हणून बोटं तयार झाली असं नाही, आणि नेमकं त्याच सुमारास तुझ्या वयाची मुलं त्या लाकडी पट्टीला लोंबकळून बोट दुखवून बसतात. शिवाय तू व्हिडिओ पाठवलास त्यात मला तुझे हातच दिसले, पाय कुठे दिसले नाहीत. आमच्या कुळागरात नारळ काढायला पाडेली यायचा. मी लहानपणी त्याच्यामागे माडावर चढायला बघायचो आणि चार हात वर जाऊन दमायचो. तो म्हणायचा, हातांनी माड धरायचा असतो, चढायचं पायांनी. पुढे उत्तरकाशीला नेहरू पर्वतारोहण संस्थेत 28 दिवसांचा बेसिक कोर्स केला, तिथल्या उस्तादांनीही पहिल्या दिवशी तेच सांगितलं, फक्त हिंदीत.

सुळका यंदा नको. वानरलिंगी सुळक्याचे फोटो बघून तोंडाला पाणी सुटलंय ते कळतं, पण सह्याद्रीचा बेसॉल्ट पुष्कळ जागी सैल असतो. कुठली पकड हातात येईल आणि कुठली टिकेल हे ओळखायला नजर लागते, आणि ती कृत्रिम भिंतीवर येत नाही. तिथे होल्ड सुटला तर स्पॅनर आणून घट्ट करतात! आधी बदामीला जा. तांबडा वालुकाश्म, आडव्या खोबणी, दोर अडकवायला बोल्ट मारलेल्या वाटा भरपूर. फक्त पाऊस पडून गेला असेल तर दगड पुरता वाळेपर्यंत दोन-तीन दिवस थांब, ओला वालुकाश्म कच्चा होतो. आणि कड्यावर आग्या मोहोळ आहे का ते आधी मान वर करून बघ. असेल तर तिथून मुकाट्याने मागे फिरायचं. धूर नको, अत्तर नको, हाका नकोत.

गोव्यात कातळच नाही असं तुला कोणी म्हणालं, ते अर्धं खरं आहे. आपला चिरा, म्हणजे जांभा, घर बांधायला उत्तम आणि चढायला निरुपयोगी, बोट घातलं की भुगा. पण काणकोण-केप्याकडे ग्रॅनाइट आहे, सुर्ल-चोर्ल्याच्या बाजूने दख्खनच्या बेसॉल्टची एक किनार आपल्या हद्दीत शिरते, आणि अणमोड घाटातला पट्टिताश्म (नाइस खडक) तर तीनशे कोटी वर्षांहून जुना आहे. मास्तरकी सुटत नाही बघ. असो.

आता तुझं शेवटचं वाक्य.

1983 चा जानेवारी. आम्ही तिघे बदामीला गेलो होतो. मी, वाळपईच्या बाजूचा माझा जोडीदार आणि वास्कोचा एक, जो रेल्वेत होता. तेव्हा सगळी लाइन मीटर गेज. कुळ्याहून कॅसलरॉकला चढताना गाडीला जादा इंजिनं लावत, दूधसागरपाशी डबाभर पाण्याचे तुषार येत, मग लोंढा, हुबळी, गदग असं करत बदामी. आमच्याकडे एक दोर, कातळात ठोकायचे सात पिटॉन आणि दोर अडकवायच्या कड्या, म्हणजे कॅराबिनर, पाच होते. कमरेला बांधायचा पट्टा, हार्नेस, एकही नव्हता, दोर सरळ कमरेला बांधायचो. बिले द्यायला, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळायला, आजच्यासारखं यंत्र नव्हतं. खालचा माणूस दोर आपल्या कमरेभोवती घेऊन दोन्ही हातांत धरून बसायचा, तेवढंच.

मी लीडला होतो. एका आडव्या पट्ट्यावर जरा बाहेर झुकलेला दगड होता, तिथे डावा पाय सुटला. वीसेक फूट गेलो असेन. मधला पिटॉन टिकला, दोर टिकला, आणि खाली माझा जोडीदार टिकला. हातमोजे नव्हते. दोर त्याच्या कमरेवरून आणि उजव्या तळव्यातून सरसरत गेला, तरी त्याने मूठ सोडली नाही. मी लोंबकळत असताना त्याने खालून विचारलं, "लागलं का रे?" मी नाही म्हणालो. त्याने स्वतःचं काही सांगितलं नाही. अर्ध्या तासाने मी पुन्हा तीच वाट चढून वर गेलो, तोवर त्याने तळव्याला पंचा गुंडाळला होता आणि दुसरा बिले वास्कोच्या गड्याने दिला होता. परतीच्या गाडीत त्याला कप धरता येईना, म्हणून आम्ही आळीपाळीने बशीतून चहा पाजला. त्यावरून हसत हसत घरी आलो.

आठवड्याने एका दैनिकात बातमी आली. फोटो माझा, नाव माझं, आणि पुढे 'व त्यांचे सहकारी'. बातमीदाराला मीच माहिती दिली होती. त्याने काय विचारलं आणि मी काय सांगितलं ते आज आठवत नाही, किंवा आठवू नये अशी मी सोय करून घेतली आहे. देवळात माझा सत्कार झाला, मी हार घालून घेतला. दोन ओळींचं दुरुस्तीचं पत्र टाकायला किती वेळ लागतो? ते मी टाकलं नाही. तो सत्काराला आला होता, मागे उभा होता, उजवा हात खिशात. त्यानंतर आला नाही.

अकरा वर्षं आम्ही बोललो नाही, बाय. लोकांना वाटे त्याने राग धरलाय. मलाही तसंच सांगायला सोयीचं होतं. खरं म्हणजे त्याचा राग वर्षभरात निवला असावा, गप्प राहिलो होतो मी. ज्याची चूक असते त्याच्या पायांत जास्त जडपणा येतो. वाळपईची बस रोज माझ्या शाळेसमोरून जायची.

त्या काळात मी इतरांबरोबर चढलो. चांगली मुलं होती, सावध होती. पण मला एक सवय लागली, दर दोन हातांनी खाली बघायची. बिलेवाला बघतोय ना, दोर धरलाय ना. त्याच्याबरोबर चढताना मी कधी खाली बघितलं नव्हतं, आणि बघत नव्हतो हेही मला ठाऊक नव्हतं. अठ्ठावीस ते एकोणचाळीस, अंगात सगळ्यात जास्त दम असतो ती वर्षं मी खाली बघण्यात घालवली.

1994 ची चतुर्थी. आदल्या दिवशी माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या बाजारात मी सुपारीची शिपटी, दोन तोरिंगं आणि कांगलां घेतली आणि केवणीच्या दोराने सगळं स्कूटरच्या मागे बांधत होतो. गर्दीतून एक हात आला आणि माझी गाठ सोडवायला लागला. वर न बघताच कळलं कोण ते. त्याच्या घरी केवणीची साल सोलून दोर वळायचं काम पिढ्यान्‌पिढ्या, आम्हा सगळ्यांना गाठी त्यानेच शिकवल्या होत्या. कोर्सबिर्स नंतर. गाठ सोडवून तो म्हणाला, "ही गांठ कोणें शिकयली तुका?"

"तुवेंच," मी म्हणालो.

"म्हाका दिसना," मला नाही वाटत, असं म्हणाला आणि नीट बांधून दिली.

मग मी त्याला हात दाखवायला सांगितलं. उजव्या तळव्यावर करंगळीखालून अंगठ्यापर्यंत बोटभर रुंदीचा गुळगुळीत पट्टा होता, आणि त्या पट्ट्यावर हाताची एकही रेषा नव्हती. "ज्योतिषाचे पैसे वाचले," तो म्हणाला. माफी मागायची मी मनात अकरा वर्षं जुळवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही तोंडातून आलं नाही. आम्ही समोरच्या हॉटेलात पातळ भाजी आणि पाव खाल्ला. पैसे त्याने दिले.

तुझी तक्रार मी नीट वाचली. चढाईची वाट तुम्ही दोघांनी मिळून काढली, आणि त्याने टाकलेल्या व्हिडिओत तू फक्त सावलीसारखी, नाव नाही. त्यावर तू काही बोलली नाहीस, तोही नाही. म्हणजे तू माझ्या जोडीदाराच्या जागी आहेस आणि तो पोरगा माझ्या. त्याच्या जागेवरून मला जेवढं दिसतं तेवढं सांगतो. त्याला कळलेलं आहे. पहिल्या दिवशीच कळलं असणार. आता रोज उशीर होतोय तसतसं त्याला बोलणं अवघड होतंय. गाठ सोडवायला तू हात पुढे करावास हा न्याय नाही, मला मान्य आहे. पण तुझा हात मोकळा आहे, त्याचा अडकलाय. एक ओळ लिही. व्हिडिओचं त्या ओळीत नको काढूस, ते समोरासमोर काढ आणि चांगलं खडसावून काढ. माझ्या जोडीदाराने मला खडसावलं नाही, हा त्याचा मोठेपणा असेल, पण मला आजही तो हिशेब चुकता झाल्यासारखा वाटत नाही.

याला एकच अपवाद, आणि तो मी ठासून सांगतो. बिले देताना त्याने एकदा जरी मोबाइल बघितला असेल, किंवा निघण्यापूर्वी एकमेकांची गाठ तपासायचा त्याला कंटाळा असेल, तर हे सगळं विसर आणि नवा जोडीदार शोध. माणूस म्हणून हवा तेवढा गोड असू दे. अमेरिकन गिर्यारोहक लिन हिलचं नाव तुला माहीतच असेल. 1989 साली फ्रान्समध्ये ब्यूक्सच्या कड्यावर तिने दोर हार्नेसमधून ओवला आणि गाठ पुरी करायची राहून गेली. वर पोचून दोरावर भार टाकला आणि सुमारे 75 फूट खाली आली. झाडावर पडली म्हणून वाचली. चार वर्षांनी तिने अमेरिकेतल्या एल कॅपिटन कड्याची नोज ही वाट फ्री क्लाइंब केली, म्हणजे दोराचा आधार न घेता नुसत्या हातापायांनी चढली, तोवर ते कोणालाच जमलं नव्हतं. एवढ्या ताकदीच्या बाईची गाठ राहते, तर तुझीमाझी का नाही राहणार? खालच्याने बघायला हवी होती.

आम्ही तिघे अजून दर वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सत्तरी तालुक्यात एका कातळापाशी जमतो. बावीस फुटांचा आहे. नेमका कुठे ते पत्रात लिहीत नाही, नाहीतर पुढच्या महिन्यात तिथे बिर्याणीचे डबे आणि बाटल्या पडतील. वास्कोवाल्याचे दोन्ही गुडघे बदललेत, तो खुर्ची घेऊन येतो. जोडीदाराला मधुमेह. मला यंदा एकाहत्तरावं लागलं तेव्हा तो म्हणाला, मी जन्मापासून सत्तरीत आहे, तू आत्ता आलास. कातळ आम्ही टॉप रोपवर, म्हणजे वरून सोडलेल्या दोरावर चढतो, म्हणजे मी चढतो, तो बिले देतो, हार्नेस, हेल्मेट, यंत्र सगळं लावून, आणि वास्कोवाला खुर्चीवरून चुका काढतो. मग खोटं बोलणं सुरू होतं. बदामीचा तो बाहेर झुकलेला दगड दर वर्षी फूटभर तरी पुढे येतो. मी पडलो ती उंची गेल्या वर्षी पस्तीस फुटांवर गेली होती, आणि ती वाढवणारा मी नाही, तो आहे. मी वीस म्हटलं की तो तळवा पुढे करतो. "वीस फुटांत असं होतं?"

यंदा तू ये. सकाळी साडेसहाला वाळपईच्या बसस्टँडवर थांब, आम्ही गाडीने घेऊन जाऊ. हेल्मेट आण, बूट आण, पाणी दोन लिटर. पोई मी पाववाल्या पोदेराकडून घेऊन येईन, भाजी वास्कोवाल्याची बायको देते आणि ती तिखट असते. त्या पोराला विचारलंस आणि तो आला तर दोघं या. एकटी आलीस तरी अडणार नाही. बिले द्यायला तिघे म्हातारे आहोत, पण लांबचं नीट दिसतं त्यातल्या एकालाच, तेव्हा चढण्यापूर्वी तो कोण ते विचारून घे.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका

ता. क. म्हापशाचा तो दोर माझं पत्र मिळण्याआधीच घेतला असशील तर कपडे वाळत घालायला वापर. माटोळीला नको, जोडीदार नायलॉन चालवून घेत नाही.