जबडा दुखतो म्हटलं की लगेच दाढ शोधू नकोस

जालन्यात दातांचा दवाखाना टाकलास, फार बरं वाटलं. एक मनापासून सांगतो. "डॉक्टर, कानाजवळ ठणकतं, भाकरी चावता येईना" म्हणत पेशंट आला की आधी दोन्ही कानांपुढे, जबड्याच्या सांध्यावर, बोटं ठेव आणि तोंड हळूहळू उघडायला सांग. कट्ट वाजतं का, जबडा एका बाजूला सरकतो का, बघ. गालाचे, कानशिलाचे स्नायू दाबून बघ. पुष्कळदा दुखणं तिथंच सापडतं. मी सुरुवातीला एका मावशींच्या चांगल्या दाढेचं रूट कॅनाल केलं, ठणका तसाच राहिला. अजून सलतं ते.

पट्टीने मोज. तोंड ३५ मिमीपेक्षा कमी उघडलं तर गालाच्या आत बोट फिरव. आपल्याकडे गुटखा-सुपारी फार. पांढरट, ताठ पट्टे लागले तर सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे सुपारीने गालाचं आतलं अस्तर ताठ होण्याचा आजार, धर.

सांध्याचा नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तर धीर दे, उपचार नको. दुखत असेल तर काही आठवडे भाकरी दुधात कुस्करून, गरम शेक, जांभई देताना हनुवटीखाली हात, आणि पोट-किडनीचा त्रास विचारून थोडे दिवस आयबुप्रोफेन. रात्री दात खाणाऱ्याला स्प्लिंट, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं कव्हर. दात घासून चावा जुळवायला मात्र जाऊ नको, घासलेलं परत येत नाही.

पन्नाशीपुढचा पेशंट, नवीनच कानशिलाची डोकेदुखी, चावताना जबडा भरून येतो, नजर अंधुक, तर त्याच दिवशी फिजिशियनकडे पाठव. ती कानशिलाच्या धमनीची सूज असू शकते, डोळा जातो.