उच्चार ‘शुद्ध’ नसतील तर स्वनिमविज्ञान जमेल का?

तुम्ही विचारले आहे की भाषाविज्ञानाच्या एम.ए.च्या पहिल्या सत्रात स्वन (प्रत्यक्ष उच्चारलेला ध्वनी), स्वनिम (अर्थ बदलू शकणारा ध्वनी) आणि स्वनांतर (एकाच स्वनिमाचे वेगवेगळ्या जागी होणारे रूप) यांतला फरक डोक्यात बसत नाही, तर कोणत्या व्याख्या पाठ कराव्यात. आणि घरी बोली बोलत असल्यामुळे उच्चार ‘शुद्ध’ नसतील तर हा विषय जमेल का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देते, कारण मी लिहायला बसले ती दुसऱ्या प्रश्नामुळे.

व्याख्या पाठ करू नका. ‘अंक’, ‘अंत’ आणि ‘अंडे’ हे शब्द सावकाश म्हणा आणि अनुस्वाराच्या वेळी जीभ कुठे टेकते तिकडे लक्ष द्या. पहिल्यात ती घशाकडे मागे, दुसऱ्यात दातांशी, तिसऱ्यात वर वळून टाळूला टेकते. स्वन तीन आहेत, पण पुढच्या व्यंजनानेच प्रत्येकाची जागा ठरवून दिल्यामुळे एक दुसऱ्याच्या जागी येत नाही; पूरक विनियोग म्हणतात तो हाच, आणि असे स्वन एकाच स्वनिमाची स्वनांतरे ठरतात. आता ‘तो जात आहे’ आणि ‘त्याने जात विचारली’ ही वाक्ये म्हणा. अक्षर एकच, पण पहिला ज दंततालव्य आहे (जीभ दातांजवळ) आणि दुसरा तालव्य (जीभ टाळूशी), आणि बाकी सारे तसेच राहून अर्थ बदलतो. म्हणजे हे दोन स्वनिम झाले. ‘उंच’–‘उंची’, ‘माझा’–‘माझी’ यांत मात्र असाच बदल केवळ पुढच्या स्वरामुळे होतो, म्हणून गोंधळ उडतो. तो मराठीच्या इतिहासातून आलेला आहे: तत्सम शब्दांनी तालव्य ज ‘आ’च्या आधीही आणून बसवला. लिपी हे काहीच दाखवत नाही, तेव्हा पहिल्या दिवसापासून आंतरराष्ट्रीय स्वनलिपीत, म्हणजे प्रत्येक ध्वनीला वेगळे चिन्ह असलेल्या लिपीत, लिहा.

आता दुसरा प्रश्न. माझे गाव अमरावती जिल्ह्यात आहे. आजी रोज सकाळी म्हणायची, “पोयी खाऊन शायेत जाय.” आमच्याकडे काळा तो काया, डोळा तो डोया, गूळ तो गुय. बारावीनंतर मी पुण्याला शिकायला आले आणि पहिल्याच वर्षी एका वक्तृत्व स्पर्धेत मुलींच्या शिक्षणावर बोलायला उभी राहिले. आठवडाभर आरशासमोर उभी राहून मी प्रत्येक ळ घोटला होता. तिसऱ्या मिनिटाला मी म्हणाले, “त्या काळी मुलींच्या शिक्षणाची काहीच सोळ नव्हती.” सभागृह हसले. मला का हसताहेत तेच कळेना, म्हणून मी तेच वाक्य पुन्हा म्हटले, आणि पुन्हा हसू उसळले. निकालाच्या वेळी परीक्षकांनी व्यासपीठावरून सांगितले की विदर्भातल्या मुलांची जीभ आळशी असते, ळ म्हणण्याचे कष्ट ती घेत नाही. त्यानंतर दोन वर्षे मी चारचौघांत तोंड उघडले नाही.

एम.ए.ला स्वनिमविज्ञानाच्या बाईंनी प्रत्येकाला घरच्या बोलीतले पन्नास शब्द प्रमाण मराठीशेजारी मांडून आणायला सांगितले. मी जे लपवत होते तेच लिहून नेले. बाईंनी माझी यादी फळ्यावर लिहिली आणि विचारले, “यात एक तरी ळ चुकून राहिला आहे का?” राहिला नव्हता. प्रमाण मराठीत जिथे जिथे ळ, तिथे तिथे आमच्या घरी य होता. मग त्यांनी ‘माळ’ आणि ‘माय’ हे शब्द खाली लिहिले आणि दाखवले की प्रमाण मराठीत ही लघुतम जोडी आहे, म्हणजे एकाच ध्वनीने वेगळे होणारे दोन शब्द, पण आजीच्या बोलीत दोन्हींचा उच्चार एकच, कारण तिथे दोन स्वनिम मिळून एक झाले आहेत. ज्या व्यवस्थेत एकच स्वनिम आहे तिच्यात वाढलेल्या मुलीला कोणता य मुळात ळ आहे हे कानाने कळू शकत नाही. तिला शब्द एकेक करून पाठ करावे लागतात, आणि जो पाठ नाही तिथे ती नियम लावते. डोया तो डोळा, तर सोय ती सोळ. याला अतिशुद्धीकरण म्हणतात. आळशी जिभेने ‘सोय’ म्हटले असते; ‘सोळ’ म्हणण्यासाठी जीभ उलटी वळवण्याचे जास्तीचे कष्ट मी घेतले होते.

त्या परीक्षकांना मला आजही एक विचारायचे आहे. ते ‘षटकोन’मधला ष आणि ‘शहाणा’मधला श वेगळे उच्चारतात का? संस्कृतातले ते दोन स्वनिम प्रमाण मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडी कधीच एक झाले आहेत. इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेदही त्यांच्या बोलण्यात अर्थ बदलण्याइतका उरलेला नाही. उरला असता तर त्यासाठी १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम पाठ करावे लागले नसते. ष कुठे लिहायचा हे ते जसे शब्दागणिक लक्षात ठेवतात, तसेच ळ कुठे म्हणायचा हे मी ठेवत होते. त्यांच्या विलीनीकरणाला प्रमाण म्हणायचे आणि माझ्या आजीच्या विलीनीकरणाला आळस, याला शास्त्रात कोणताही आधार नाही. आणि ज्या लीळाचरित्रापासून मराठी गद्याची सुरुवात मानतात, ते ज्या रिद्धपुराशी जोडलेले आहे ते आमच्याच जिल्ह्यात आहे.

तेव्हा तुमचा उच्चार ‘शुद्ध’ नाही असे जे म्हणतात त्यांना उत्तर देत बसू नका. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाकडून शंभर शब्द ध्वनिमुद्रित करून आणा. दोन व्यवस्था कानावर घेऊन वर्गात येणाऱ्याला हा विषय लवकर उमगतो, असे माझे ठाम मत आहे. डेक्कन कॉलेजने केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणातली ध्वनिमुद्रणेही ऐका. भाषावैज्ञानिक अशोक केळकरांचा मराठीवरचा १९५८ चा कॉर्नेल विद्यापीठातला प्रबंध मोलाचा आहे, पण पहिल्या सत्रात तो हाती घेऊ नका.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. विदर्भात सगळेच ळचा य करतात असे नाही, आणि खानदेशातही हा बदल आढळतो. अनुस्वाराचे उदाहरण मी सोपे करून दिले आहे. ‘मन’ आणि ‘मण’ यांत न आणि ण स्वतंत्र स्वनिमच आहेत, त्यामुळे परीक्षेत तेवढ्यावर थांबू नका. आणि प्रात्यक्षिकात ऐकून लिहिताना ळ ओळखता यावाच लागतो, त्यातून सुटका नाही. मला तो कानाने नव्हे, डोळ्यांनी आधी कळला. ॲम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झालेली ‘प्राट’ ही आवाजाचे चित्र काढून दाखवणारी मोफत संगणकप्रणाली उतरवून घ्या आणि ‘माय’ व ‘माळ’ म्हणून त्यांची चित्रे पाहा. ‘माय’च्या शेवटी तळाकडून दुसरा काळा पट्टा ‘ई’कडे जावा तसा वर चढतो, ‘माळ’मध्ये तो तसा चढत नाही आणि तिसरा पट्टा खाली झुकतो. आजीकडून मी हे दोन्ही शब्द दहा-दहा वेळा म्हणवून घेतले होते. तिच्या वीसही चित्रांत दुसरा पट्टा वर चढलेला आहे.